पेढीचे नंबर कुणाच्या खिशात?

भिवंडीतील एका सुताच्या पेढीवर घडलेला प्रसंग आम्ही स्वतः पाहिला आहे. पेढी जुनी, तिसऱ्या पिढीची. बावीस वर्षे तिथे काम करणारे मुनीमचाचा एके दिवशी सकाळी छातीत दुखू लागल्याने दवाखान्यात दाखल झाले. त्यांचा मोबाइल त्यांच्याबरोबरच गेला. दुपारी इचलकरंजीहून सुताच्या गोण्यांचा ट्रक येऊन गोदामासमोर उभा राहिला. गोदामाची किल्ली मुकादमाकडे होती. मुकादम गावात होता. पण त्याचा नंबर गादीवर बसलेल्या तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता. ट्रान्स्पोर्टवाल्याचा नंबरही नव्हता आणि माल ज्याला पुढे द्यायचा त्या सायझिंगवाल्याचाही नव्हता. अखेर मालकाचा धाकटा मुलगा दवाखान्यात गेला. ऑक्सिजन लावलेल्या चाचांचा अंगठा त्याने मोबाइलवर टेकवला, मोबाइल उघडला आणि नंबर उतरवून आणले.

अल्लाहच्या कृपेने चाचा बरे झाले. पण त्या मुलाला त्या गोष्टीची आजही लाज वाटते. आमच्या मते लाज त्या मुलाला नव्हे, पेढीच्या व्यवस्थेला वाटायला हवी. कारण त्याच गादीच्या मागे भिंतीवर ऑफिसचे टेलिफोन एक्स्चेंज, ज्याला आपल्याकडे सर्रास इंटरकॉमची पेटी म्हणतात, ते लावलेले होते. त्या यंत्रात बाहेरचे शंभर नंबर साठवण्याची सोय होती. प्रत्येक नंबराला तीन आकड्यांचा कोड द्यायचा. मग कुठल्याही खोलीतून तो कोड दाबला की नंबर लागतो. या सोयीला शॉर्ट कोड किंवा स्पीड डायल म्हणतात. तिचे पैसे पेढीने यंत्र घेतानाच भरले होते. शंभरपैकी एकही जागा भरलेली नव्हती.

आमचा अनुभव असा की दहापैकी नऊ दुकानांत, कारखान्यांत, गोदामांत आणि शाळांच्या कचेऱ्यांत हीच स्थिती आहे. यंत्र आहे, सोय आहे, पण ती कुणी वापरात आणलेली नाही. आम्हाला हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटत नाही. पेढीचे नंबर ही पेढीची मालमत्ता आहे आणि आपण ती एका माणसाच्या खिशात ठेवून निर्धास्त झोपतो.

मोबाइल असताना हे कशाला?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, त्यात हजार नावे मावतात, मग भिंतीवरच्या पेटीत नंबर भरत कोण बसणार?

उत्तर सोपे आहे. मोबाइलमधली नावे त्या माणसाची असतात. तो आजारी पडला, उमऱ्याला गेला, नोकरी सोडून शेजारच्या पेढीवर गेला किंवा त्याचा मोबाइल लोकलमध्ये चोरीस गेला, की नावेही गेली. नव्या पोऱ्याला कामावर ठेवले की तो पहिले सहा महिने दर अर्ध्या तासाने विचारतो, “शेठ, प्रोसेसवाल्याचा नंबर काय?” आणि शेठ आपला मोबाइल काढून आकडे वाचून दाखवतात. एखादा व्यापारी आपला नंबर बदलतो, तेव्हा पेढीतल्या सात माणसांच्या सात मोबाइलमध्ये तो बदलावा लागतो. पाच जण बदलतात, दोघे विसरतात, आणि नेमके त्या दोघांपैकी एकाला घाईच्या वेळी फोन करायचा असतो.

शॉर्ट कोडचे तसे नाही. ट्रान्स्पोर्टवाल्याचा कोड ८२१ असेल, तर त्याने नंबर कितीही वेळा बदलला तरी पेढीसाठी तो ८२१ च राहतो. यंत्रात एका ठिकाणी दुरुस्ती केली की काम झाले. गादीवरचा म्हातारा, गोदामातला हमाल आणि काल कामावर आलेला मुलगा, तिघांनाही तोच कोड. शिवाय आपल्या कारखान्यांत असे पुष्कळ कारागीर आहेत की ज्यांना मोबाइलच्या पडद्यावरचे नाव वाचता येत नाही. पण तीन आकडे ते कधी विसरत नाहीत. तागे मोजणाऱ्या माणसाला आकडे शिकवावे लागत नाहीत.

दुकानदाराच्या रागातून निघालेले यंत्र

थोडा इतिहास सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही, कारण टेलिफोनच्या स्वयंचलित एक्स्चेंजचा जन्मच एका व्यावसायिकाच्या तक्रारीतून झाला. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ अंत्यसंस्काराचे सामान पुरवण्याचा धंदा करीत असे. त्या काळी फोन उचलला की एक्स्चेंजमधील बाई विचारीत, कोण हवे? आणि ती हाताने जोडणी करून देई. असे सांगतात की प्रतिस्पर्ध्याच्या घरची बाई एक्स्चेंजमध्ये होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती आपल्या माणसाकडे वळवी. खरेखोटे काहीही असो, स्ट्रोजरने माणसाच्या मध्यस्थीशिवाय फोन जोडणारे यंत्र बनवले. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी असे पहिले सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झाले.

या गोष्टीतला धडा व्यापाऱ्याला चटकन कळेल. जोडणी ज्याच्या हातात, गिऱ्हाईक त्याच्या हातात. स्ट्रोजरला हे कळले, म्हणून त्याने जोडणी दुसऱ्याच्या हातातून काढली. आपण मात्र सव्वाशे वर्षांनंतर ती पुन्हा एकाच मुनिमाच्या मोबाइलमध्ये नेऊन ठेवली आहे.

थोडक्या आकड्यांत लांबचा नंबर लावण्याची सोय १९६५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सक्कासुन्ना येथे बेल कंपनीच्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक सार्वजनिक एक्स्चेंजबरोबर ग्राहकांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये एसटीडी सुरू झाली. पण बहुतेक व्यापारी त्यानंतर कित्येक वर्षे ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहत बसत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग हे शब्द आमच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतात. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, देशी एक्स्चेंजे तयार होऊ लागली, आणि पुढे ऑफिसची छोटी यंत्रे मध्यम व्यापाऱ्याच्याही आवाक्यात आली. आज तेच काम संगणकावरही होते. १९९९ साली मार्क स्पेन्सर या तरुणाने लिहिलेली ॲस्टेरिस्क ही प्रणाली कुणालाही फुकट वापरता येते. यंत्र पेटीतले असो वा संगणकातले, कोड बसवण्यामागचा विचार एकच आहे.

पहिला आकडा कुणाचा?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कोड बसवणे म्हणजे मेकॅनिकला बोलावून “हे पन्नास नंबर टाक” असे सांगणे नव्हे. मेकॅनिक येण्याच्या आधी मालकाने एक कोरा कागद घ्यावा आणि एकच गोष्ट ठरवावी: पहिला आकडा कुणाचा?

यंत्र हे आकडे डावीकडून, एकेक करून ऐकते. पहिला आकडा ऐकताच ते अंदाज बांधू लागते की या माणसाला खोली हवी, बाहेरची लाइन हवी की कोड हवा. समजा, गोदामाच्या फोनला २१ हा नंबर आहे आणि आपण रंगाऱ्याला २१५ हा कोड दिला. आता कुणी २१ दाबल्यावर यंत्राने काय करावे? काही यंत्रे पाच लागण्याच्या आत गोदामाची घंटी वाजवून मोकळी होतात. काही यंत्रे पुढचा आकडा येतो का, याची काही सेकंद वाट पाहतात, आणि तेवढ्यात “फोन बिघडला” म्हणून माणूस रिसीव्हर ठेवून देतो. मग मेकॅनिकला बोलावले जाते. तो पैसे घेऊन जातो, पण दोष यंत्रात नसतोच. दोष आपल्या कागदात असतो.

म्हणून पहिले आकडे वाटून द्यावेत. आमची सूचना अशी:

शून्य हा बाहेरच्या लाइनसाठी. बहुतेक यंत्रांत तो तसाच असतो. तो बदलू नये.

एक हा आकडा कुणालाही देऊ नये. तो मोकळा ठेवावा. कारण पुढे सांगतो.

दोन हा आतल्या खोल्यांसाठी: गादी, गोदाम, हिशेबाची खोली, लूमशेड, फाटक.

आठ हा बाहेरच्या कोडसाठी. त्यातही दुसऱ्या आकड्याने खाती पाडावीत. ८१ ने सुरू होणारे सूतवाले, ८२ ने ट्रान्स्पोर्टवाले, ८३ ने सायझिंग आणि प्रोसेस, ८४ ने बँक आणि कर सल्लागार, ८५ ने दुरुस्तीवाले म्हणजे वीज कंपनीचे तक्रार केंद्र, जनरेटरचा मिस्त्री, लूमचा फिटर. आणि ८६ ने मालकाचे घर, भागीदार व डॉक्टर. ज्याने हे एकदा ऐकले त्याला यादी पाठ करावी लागत नाही. ८२ म्हटले की गाडीवाला, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

उरलेले आकडे यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी असतात, जसे की दुसऱ्या खोलीत वाजणारा फोन आपल्या जागेवरून उचलणे किंवा आलेला फोन दुसरीकडे वळवणे. आपल्या यंत्रात आठ हा आकडाच अशा कामाला दिलेला असेल, तर कोडसाठी सात घ्यावा. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. पुस्तिका न वाचता ती कपाटाच्या वरच्या फळीवर टाकण्याची आपली सवय जायला हवी.

किती कोड बसवावेत? शंभर जागा आहेत म्हणून शंभर भरू नयेत. महिन्यातून दोनदाही ज्याला फोन होत नाही, त्याचा कोड नको. तो नंबर वहीत पुरे. मात्र वीज, पाणी, आग, डॉक्टर यांना हा नियम लागू नाही. ते वर्षातून एकदाच लागतात, पण लागतात तेव्हा शोधायला वेळ नसतो. तीस-चाळीस कोड ही मध्यम पेढीसाठी योग्य संख्या आहे.

शून्यावर शून्य

कोड भरताना सर्वांत जास्त चुका शून्याच्या होतात. लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावायचा तर १५ जानेवारी २०२१ पासून दहा आकड्यांच्या आधी शून्य लावणे देशभर बंधनकारक झाले. त्या दिवशी पुष्कळ ऑफिसांतले साठवलेले मोबाइल नंबर एका झटक्यात लागेनासे झाले. अनेकांनी यंत्र बिघडले असे समजून स्पीड डायल वापरणेच सोडून दिले, ते आजतागायत.

खरा घोटाळा असा की ऑफिसच्या यंत्रातून मोबाइलला फोन करताना दोन शून्ये येतात. पहिले शून्य आपल्याच यंत्राला सांगते, बाहेरची लाइन दे. दुसरे शून्य टेलिफोन कंपनीला सांगते, पुढे मोबाइलचा नंबर आहे. नव्या माणसाला वाटते की एक शून्य चुकून जास्त पडले, आणि तो ते गाळतो. कोडमध्ये नंबर भरताना काही यंत्रांत पहिले शून्यही भरावे लागते, तर काही यंत्रे बाहेरची लाइन आपणहून घेतात आणि तेथे पहिले शून्य भरले तर नंबर चुकतो. काही जुन्या लाइनींवर बाहेरचा डायल टोन यायला क्षणभर लागतो. तेव्हा पहिल्या शून्यानंतर यंत्रात विराम भरावा लागतो, नाहीतर यंत्र घाईने आकडे फेकते आणि सुरुवातीचे एक-दोन हवेत जातात. म्हणून एक कोड भरावा, लावून पाहावा, समोरचा “वालेकुम अस्सलाम” म्हणाला की मगच दुसरा भरावा. चाळीस कोड एकदम भरून मेकॅनिकला निरोप देऊ नये.

दुसऱ्या गावच्या लँडलाइनचे नंबर एसटीडी कोडसह पूर्ण भरावेत: मालेगावचा ०२५५४, भिवंडीचा ०२५२२, सोलापूरचा ०२१७. आणि यादीच्या कागदावर तारीख टाकावी. ज्या यादीवर तारीख नाही ती यादी खरी आहे की जुनी, हे कुणालाच सांगता येत नाही. खतावणीला आपण तारीख टाकतो, मग या कागदाला का नाही?

रखवालदाराला कोणता कोड?

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. आपल्याकडे गोदामातल्या आणि फाटकावरच्या फोनला बाहेरची लाइन दिलेली नसते. मालकाला वाटते, पोरे रात्री गावाकडे फोन करतील, बिल येईल. एकेकाळी एसटीडीचे दर असे होते की ही भीती रास्त होती. आज तिच्यात फारसा दम उरलेला नाही, पण बंदी तशीच आहे. परिणाम असा की रात्री दोन वाजता गोदामात एकटा असलेला माणूस, ज्याच्या मोबाइलचे रिचार्ज संपले आहे, तो त्या फोनवरून कुणालाच हाक मारू शकत नाही.

यंत्रात यावर उपाय आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नाही. बऱ्याच यंत्रांत असे ठरवता येते की अमुक फोनवरून बाहेरचा कुठलाही नंबर लागणार नाही, पण साठवलेले कोड मात्र लागतील. म्हणजे फाटकावरच्या माणसाला मनाला येईल तिथे फोन करता येणार नाही; परंतु ८६१ दाबून मालकाला आणि ८५१ दाबून वीज कंपनीला तो नक्की बोलावू शकेल. बंदी राहते आणि माणूसही वाऱ्यावर सुटत नाही. आमच्या मते शॉर्ट कोडचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. फोनचे आकडे वाचवणे ही त्यापुढे क्षुल्लक गोष्ट आहे.

येथे एक हकिकत सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात मार्शल या गावी एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट नावाच्या स्त्रीवर तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी तेथे होती. संकटात ९११ हा नंबर फिरवायचा हे त्या मुलीला शिकवलेले होते. तिने तो चार वेळा फिरवला. फोन लागला नाही. कारण मोटेलच्या यंत्रात बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी ९ दाबावा लागत होता, आणि हे त्या मुलीला कुणी सांगितले नव्हते. आई वाचली नाही. कॅरीचे वडील हँक हंट यांनी यासाठी लढा दिला. २०१८ मध्ये अमेरिकेत कॅरीच्या नावाने कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर तेथे बसवल्या जाणाऱ्या अशा यंत्रांतून आधी कुठलाही आकडा न दाबता ९११ लागलाच पाहिजे, असे बंधन आले.

त्या मुलीने काहीही चूक केली नव्हती. चूक यंत्र बसवताना झाली होती, आणि ती करणाऱ्याला कधी कळलीही नसेल. आपल्याकडे ११२ हा संकटकाळचा नंबर देशभर आहे. १०१ अग्निशमन दलाचा, १०८ रुग्णवाहिकेचा. आता आपल्या ऑफिसात जाऊन पाहा. ज्यांच्या आतल्या खोल्यांचे नंबर १० आणि ११ असे आहेत, तेथे घाबरलेल्या माणसाने ११२ दाबले तर अकरा नंबरच्या खोलीत घंटी वाजेल, आणि रात्री त्या खोलीत कुणी नसेल. १०१ दाबले तर दहा नंबरची खोली वाजेल. म्हणून एक हा आकडा कुणालाही देऊ नये असे आम्ही वर म्हटले. तो आकडा संकटात सापडलेल्या माणसासाठी राखून ठेवावा, आणि ११२, १०१ व १०८ हे शून्य लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे प्रत्येक फोनवरून लागतील अशी नोंद मेकॅनिककडून आपल्यासमोर करून घ्यावी. ज्या फोनला बाहेरची लाइन बंद आहे त्यावरूनही ते लागले पाहिजेत. मात्र उगाच पुन्हा पुन्हा ११२ फिरवून गंमत पाहू नये. तिकडे त्याच क्षणी कुणी खरा गरजू असू शकतो.

घराची किल्ली मेकॅनिककडे नको

आणखी एक तक्रार मांडायची आहे, आणि ती आमची स्वतःची आहे. आमच्या कचेरीत यंत्र बसवणाऱ्याने काम चोख केले, पण यंत्राचा पासवर्ड आम्हाला दिला नाही. “तुम्हाला काय करायचा आहे, मी आहे ना,” असे तो म्हणाला. दोन वर्षे प्रत्येक लहान बदलासाठी आम्ही त्याची वाट पाहत राहिलो. नंतर त्याने तो धंदाच सोडला. नव्या माणसाने यंत्र पुसून पहिल्यापासून सगळे भरले, आणि त्याचा खर्च आम्ही सोसला. त्याला दोष देऊन उपयोग नाही. शेवटचा हप्ता चुकता करण्याआधी आम्ही कागद मागितला नाही, ही आमची चूक.

तेव्हा बांधवांनी तीन गोष्टी पैसे देण्याआधी लिहून घ्याव्यात: यंत्राचा पासवर्ड, खोल्यांच्या नंबरांची यादी आणि कोडची यादी. जुन्या यंत्रांत आतली लहान बॅटरी संपली आणि वीज गेली, तर भरलेले सारे पुसले जाऊ शकते. अशा वेळी कागद हाच आधार. कारखान्यातून येणारा पासवर्ड पुष्कळ यंत्रांना सारखाच असतो आणि तो जगाला माहीत असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. इंटरनेटवर चालणाऱ्या यंत्रांबाबत हे अधिकच गरजेचे आहे. चोर अशा यंत्रांत शिरतात आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तुमच्या लाइनवरून परदेशी फोन लावतात. तुम्हाला कळते ते बिल आल्यावर. ज्यांचा परदेशी व्यापार नाही त्यांनी आयएसडी बंदच ठेवावी. ज्यांचे दुबई-जेद्दाहला गिऱ्हाईक आहे, त्यांनी आयएसडी सर्वांना बंद ठेवून फक्त त्या दोन-चार गिऱ्हाइकांचे कोड बसवावेत. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय नंबर आहे, तोही यादीत हवा.

जाता जाता एक सोय सांगतो. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी आपली पेढी बंद असते आणि दीड-दोन तास फोन वाजून वाजून थांबतात. परगावच्या गिऱ्हाइकाला त्याचे कारण ठाऊक नसते. फोन वळवण्याचा कोड बहुतेक यंत्रांत असतो. निघताना तो दाबला तर येणारा फोन मागे थांबणाऱ्या माणसाच्या जागेवर किंवा घरी वाजतो. परतल्यावर तो काढायला मात्र विसरू नये.

ज्यांच्याकडे यंत्रच नाही

कुणी म्हणेल, हे सारे मोठ्या पेढ्यांचे झाले. आमचे दोन खोल्यांचे वर्कशॉप, आम्ही काय करावे? मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिराचेच उदाहरण घ्या. तो जवारी लावत बसलेला असताना त्याचा कान तारेवर असतो, दर पाच मिनिटांनी फोन त्याने घ्यावा अशी अपेक्षा करता येत नाही. फोन घेतो तो पुतण्या किंवा शागीर्द. त्याला भोपळेवाला कोण, लाकूडवाला कोण, पार्सल नेणारा कोण, हे नंबरासह माहीत हवे.

अशा कारखान्याने एक साधा बटणांचा मोबाइल दुकानाचा म्हणून ठेवावा. त्याचे सिम धंद्याच्या नावावर किंवा मालकाच्या नावावर असावे, नोकराच्या किंवा मेहुण्याच्या नावावर नव्हे. तो फोन घरी जाऊ नये. अशा फोनमध्ये २ ते ९ ही बटणे दाबून धरली की साठवलेला नंबर लागतो. म्हणजे आठ कोड फुकट मिळाले. त्या आठांची यादी ठळक आकड्यांत लिहून भिंतीवर लावावी. एवढ्यानेही अर्धे काम होते. भावाभावांत वाटण्या होताना गिऱ्हाइकांच्या नंबरांवरून किती कटुता येते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. पहिल्यापासून यादी दुकानाची असेल, तर प्रत्येकाला तिची नक्कल देता येते आणि भांडणाचे एक कारण कमी होते.

काही मालकांना नेमकी याचीच भीती वाटते. यादी भिंतीवर लागली तर नोकर नंबर घेऊन जाईल, असे ते म्हणतात. आम्हाला ही भीती पटत नाही. ज्याला नंबर न्यायचे आहेत, तो आजही मोबाइलमधून नेतोच. गिऱ्हाईक नंबरामुळे आपल्याकडे येत नाही; वेळेवर माल, खरे माप आणि दिलेला शब्द यांमुळे येते. नंबर लपवून कुणाची पेढी टिकल्याचे आम्ही पाहिलेले नाही. नंबर न सापडल्याने ट्रक उभा राहिलेला मात्र पाहिला आहे.

तेव्हा या आठवड्यात एक संध्याकाळ काढावी. हिशेबाच्या वहीचे मागचे पान घ्यावे. ज्याला आपल्या धंद्याची सर्वांत कमी माहिती आहे, असा नवा पोऱ्या किंवा रात्रीचा रखवालदार समोर बसवावा आणि त्याला विचारावे: तू एकटा असताना माल आला, वीज गेली, आग लागली, कुणी चक्कर येऊन पडले, तर या फोनवरून कुणाला बोलावशील? त्याला जेथे उत्तर देता येणार नाही, तेथून यादी लिहायला सुरुवात करावी.

भिवंडीच्या त्या पेढीवर आता चौतीस कोड आहेत. यादी मुनीमचाचांनीच बरे झाल्यावर तोंडाने सांगितली आणि मालकाच्या त्याच मुलाने लिहून घेतली. मुकादमाचा कोड ८७१ आहे. चाचांचे घर ८६४ वर लागते, आणि तो कोड कामासाठी कमी व प्रकृती विचारण्यासाठी जास्त दाबला जातो.